संग्रहालयातला मातीचा जुना दिवा: नोंदणीच्या कामाला नव्यानं येणाऱ्यांसाठी

मातीचा जुना दिवा समोर आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती जुना? हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी दोनच गोष्टी शोधायच्या. हा दिवा घडवला कसा, आणि तो जळला कसा. या दोन्हींची उत्तरं दिव्याच्या अंगावरच असतात आणि ती वाचायला मोठी पदवी लागत नाही. चांगला उजेड, स्वच्छ हात, पेन्सिल आणि घाई न करणारं मन एवढं पुरतं. काळ ठरवणं हे नंतरचं काम, आणि ते बऱ्याचदा आपल्यापेक्षा जास्त जाणणाऱ्या माणसाचं काम. पण त्या माणसालाही तुमची नोंद नीट असेल तरच काही सांगता येतं.

सातारा-सांगलीकडच्या लहान संग्रहालयांत कामाला येणारी मंडळी बहुतेक कॉलेजची मुलं, निवृत्त शिक्षक, गावाच्या इतिहासाचा नाद असलेली माणसं असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मातीच्या दिव्यांकडे संग्रहालयांत फारसं लक्ष जात नाही, याचं मला वाईट वाटतं. तलवारी, नाणी, ताम्रपट यांची नोंद आधी होते. दिवे मात्र ‘किरकोळ मृद्भांडी’ असं लिहिलेल्या पेटीत पडून राहतात. खरं तर घरातल्या साध्या माणसाची संध्याकाळ कशी जात होती, हे सांगणारी याच्याइतकी थेट वस्तू दुसरी क्वचितच मिळते.

आपल्याकडच्या प्रादेशिक संग्रहात असे दिवे साधारण दोन वाटांनी येतात. एक वाट नदीकाठची. कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळची वस्ती फार जुनी आहे. प्राचीन शिलालेखांत तिचं नाव करहाकड, करहाटक असं येतं आणि जखिणवाडीजवळ आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. अशा जुन्या पांढरीच्या, म्हणजे पूर्वी वस्ती असलेल्या जागी नांगरट झाली, पुराच्या पाण्यानं काठ खचला की खापरं वर येतात आणि त्यात एखादा दिवा असतो. दुसरी वाट दानाची. एखाद्या घराण्यातल्या व्यक्तीनं परदेशातून आणलेल्या वस्तूंत ग्रीस, रोम, इजिप्त किंवा सीरियाकडचा छोटासा झाकलेला, म्हणजे वरून बंद असलेला, दिवा निघतो. साताऱ्याला ही परंपरा नवी नाही. औंधच्या यमाईच्या डोंगरावर पंतप्रतिनिधी भवानरावांनी १९३८ साली संग्रहालय उभं केलं, त्यात देशी-परदेशी कलावस्तू एकत्र नांदतात. हे काम सुरू करण्याआधी औंधला एक चक्कर मारून या. एका छोट्या संस्थानात जगभरच्या वस्तू कशा जमवल्या आणि मांडल्या गेल्या हे डोळ्यांनी पाहिलं की दानाच्या पेटीकडे बघण्याची नजर बदलते.

या दोन वाटांचे दिवे वेगळ्या पद्धतीनं वाचावे लागतात. ते पुढे येईलच.

आधी हात आणि टेबल

अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा. गळ्यातलं ओळखपत्र शर्टाच्या खिशात टाका, कारण वाकल्यावर ते वस्तूवर आपटतं. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. मातीच्या वस्तूला सुती हातमोजे घालू नयेत, पकड सुटते आणि खरखरीत काठाला धागे अडकतात. स्वच्छ हात किंवा घट्ट बसणारे नायट्राइलचे मोजे चालतात. टेबलावर फोमची शीट किंवा दुमडलेला जाड टॉवेल अंथरा. दिवा टेबलापासून जेवढा कमी वर उचलाल तेवढं बरं.

उचलताना दोन्ही हात वापरायचे, एक तळाखाली आणि एक अंगाला. कान (धरायची कडी) असेल तर कानाला धरायचं नाही, चोच (वातीसाठी पुढे काढलेला भाग) असेल तर चोचीला धरायचं नाही. हे दोन्ही भाग कुंभारानं नंतर जोडलेले असू शकतात. शेकडो वर्षांपूर्वीचा तो सांधा कधी निखळेल सांगता येत नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न्यायचा तर हातात नाही, ट्रेमध्ये न्यायचा.

लिहायला पेन्सिलच. शाईचं पेन त्या टेबलाच्या आसपासही नको.

हा दिवाच आहे का?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आपल्याकडचा जुना दिवा म्हणजे बहुतेक वेळा एक लहान उथळ वाटी. तशीच वाटी पाणी प्यायला, मडक्यावर झाकणी म्हणून, मीठ-हळद ठेवायलाही वापरात असे. मग ओळखायचं कसं?

काजळी कुठे आहे ते बघा. काठावर एकाच ठिकाणी, बोटाच्या पेराएवढ्या जागेत काळा डाग असेल आणि बाकीचा काठ स्वच्छ असेल, तर तिथे वात टेकलेली होती. असे चार डाग समोरासमोर असतील तर चार वाती जळत होत्या. डाग बाहेरच्या बाजूनं, बुडाशी असेल तर भांडं चुलीवर चढत होतं, तो दिवा नव्हे. आतून सगळीकडे सारखा काळपटपणा असेल तर धूप जाळण्याचं भांडं असण्याची शक्यता धरा. आतल्या तळाला गडद, किंचित चिकट दिसणारा थर असेल तर तो तेलाचा मुरलेला अंश असू शकतो. त्याला नखानं खरवडून बघायचा मोह आवरा.

काजळीत एक फसवी गोष्ट असते. तुटलेल्या काठाच्या छेदावर, म्हणजे जिथे खापर फुटलं त्या आतल्या कडेवरही काळं दिसलं, तर दिवा फुटल्यानंतर पुन्हा आगीत सापडला. घर जळलं असेल, उकिरड्यावर कचरा पेटवला असेल. अशा दिव्याच्या काठावरची काजळीही वातीचीच असेल असं ठामपणे लिहिता येत नाही. नोंदीत ‘फुटलेल्या कडेवरही काजळी’ असं स्पष्ट लिहा. वाचणाऱ्याला त्यातलं मर्म कळेल.

काजळी नसेल तर? तरीही दिवा असू शकतो. कधी विकलाच गेला नाही, कधी देवापुढे ठेवायला म्हणून घेतला आणि पेटवला नाही, कधी पाण्यानं काजळी धुऊन गेली. मग आकार पाहायचा. काठ एका जागी चिमटून बाहेर ओढला असेल तर वात ठेवायची सोय आहे. चिमटीच्या दोन्ही अंगांना बोटांचे ठसे उथळ खळग्यांसारखे दिसतात. माझ्या लेखी या कामातली सगळ्यात आनंदाची जागा ही. कुंभारानं ओली वाटी चाकावरून उतरवली आणि अंगठा व बोटानं काठ दाबला, ती एका क्षणाची कृती तशीच्या तशी राहिली आहे. भिंगातून पाहिलं तर कधी कधी बोटाच्या रेषाही दिसतात.

ही ओळख पक्की व्हायला घरी एक प्रयोग करा. गावातल्या कुंभाराकडून चार-पाच साध्या पणत्या आणा. छापाच्या नको, चाकावरच्या हव्यात. एक पाण्यात भिजवून घ्या, जशा आपण दिवाळीत भिजवतो. दुसरी कोरडीच ठेवा. दोन्हींत तीळ किंवा करडईचं तेल घाला. शेंगतेल नको असं मुद्दाम सांगतो, कारण भुईमूग अमेरिकेतून आला. प्राचीन काळच्या दिव्यात तीळ, करडई, जवस, एरंड, करंज अशी तेलं असतील, भुईमूग असणार नाही. कापसाची वात लावा आणि संध्याकाळभर जळू द्या. रॉकेल मात्र चुकूनही घालू नका, उघड्या पणतीत ते भडकतं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पणत्या नीट बघा. कोरड्या पणतीच्या बाहेरच्या अंगावर तेल पाझरून गडद ओघळ आलेला दिसेल. भिजवलेलीला ते कमी असेल, कारण मातीची छिद्रं पाण्यानं आधीच भरलेली होती. आता जुन्या दिव्यांवर जो बारीक मातीचा लेप दिसतो, किंवा घोटून आणलेली चकाकी दिसते, ती कशासाठी असेल याचा विचार करा. दिसायला चांगलं हे एक कारण, तेल पाझरू नये हे दुसरं. काजळीचा डाग कुठून सुरू होतो, तो काठाच्या बाहेर किती उतरतो, वात विझवताना मागे ओढली तर आतल्या बाजूला कशी रेघ उमटते, हेही टिपून ठेवा. पणत्या जपून ठेवा, टेबलावर तुलनेला लागतील.

एक गोष्ट याच प्रयोगातून समजते. दिवे इतके उथळ का असतात? तेल वातीतून आपोआप वर चढतं, पण फार उंच चढू शकत नाही. तेलाची पातळी ज्योतीपासून खूप खाली गेली की ज्योत मंदावते आणि वातच जळू लागते. म्हणून खोल दिवा काही कामाचा नाही.

घडण वाचणं

मातीचा दिवा तीनच तऱ्हांनी होतो: हातानं, चाकावर, साच्यात. कधी दोन तऱ्हा एकत्र येतात, अंग चाकावर आणि चोच हातानं जोडलेली. यातली कोणती हे ओळखता आलं की अर्धं काम झालं.

बुडापासून सुरुवात करा. दिवा फोमवर अलगद उलटा ठेवा आणि विजेरीचा उजेड एका बाजूनं, जमिनीला समांतर टाका. वरून पडणाऱ्या उजेडात सगळं सपाट दिसतं, तिरप्या उजेडात खुणा उठून येतात. चाक फिरत असताना दोरीनं कापलेल्या दिव्याच्या बुडाला एका बाजूला झुकलेल्या, शंखाच्या रेषांसारख्या वळत जाणाऱ्या कमानी दिसतात. चाक थांबवून कापला असेल तर सरळ समांतर रेघा. आपल्याकडचा कुंभार मातीचा मोठा गोळा चाकावर ठेवून त्याच्या शेंड्यावर एकामागून एक पणत्या काढतो आणि दोरीनं उतरवतो. त्यानं उतरवलेल्या पणतीचं बूड आणि जुन्या दिव्याचं बूड शेजारी ठेवून बघा. काही पुस्तकी वर्णनांपेक्षा हे लवकर समजतं. आतून चाकाच्या वर्तुळाकार रेघा असतात, मधोमध कधी छोटा उंचवटा असतो.

हातानं केलेल्या दिव्याची जाडी जागोजाग बदलते. कॅलिपरनं (जाडी मोजायच्या उपकरणानं) काठाची जाडी चार ठिकाणी मोजा, फरक लगेच कळेल.

साच्यातला दिवा ओळखायचा तर कडेची शिवण शोधा. वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून मग एकमेकांवर बसवला जाई. जोड पुसलेला असला तरी कडेनं बारीक उंचवट्याची रेघ राहते. भोकातून आत उजेड टाकला तर माती दाबणाऱ्याच्या बोटांचे ठसे आतल्या बाजूला दिसतात. बाहेरची बाजू साच्यानं गुळगुळीत केली, आतली कुणी पाहणार नव्हतं म्हणून तशीच राहिली. बाहेरच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे गोल उंचवटे दिसले तर साचा प्लास्टरचा होता. प्लास्टरमध्ये हवेचे बुडबुडे राहतात, त्या पोकळीत माती शिरते आणि दिव्यावर दाणे उमटतात. ही खूण पहिल्यांदा ओळखू आली की माणूस प्रत्येक दिव्यावर दाणे शोधत बसतो, आणि शोधावेतच.

साच्याच्या दिव्यांत आणखी एक गंमत आहे. एखाद्या कारखान्याचा दिवा खपला की दुसरे कुंभार तो विकत घेऊन त्याच्यावरूनच नवा साचा काढत. माती सुकताना आणि भाजताना आकसते. म्हणून नकलेचा दिवा मूळ दिव्यापेक्षा लहान होतो, नकलेची नक्कल त्याहून लहान, आणि दर वेळी चित्र थोडं पुसट होत जातं. एकाच नक्षीचे दोन दिवे तुमच्या संग्रहात असतील आणि एक दुसऱ्यापेक्षा सगळ्या बाजूंनी सारख्याच प्रमाणात लहान असेल, तर हे नातं असू शकतं. म्हणून मापं मिलिमीटरमध्येच घ्यायची. ‘सुमारे दहा सेंटिमीटर’ अशा नोंदीचा इथे काही उपयोग नाही.

माती कशी आहे हे फुटलेल्या कडेवर पाहायचं. कडा बाहेरून लाल आणि मधे काळी दिसली तर भट्टीत हवा किंवा वेळ कमी पडला, आतलं सेंद्रिय द्रव्य पूर्ण जळलं नाही. अभ्रकाचे चमकणारे कण दिसतात का तेही बघा. आपला सगळा प्रदेश बेसाल्टच्या काळ्या खडकाचा, त्याच्या झिजेतून आलेल्या मातीत अभ्रक सहसा नसतं. कण खापराच्या पोटातही असतील तर माती कदाचित बाहेरची असेल. फक्त पृष्ठभागावर असतील तर अभ्रकाचा हात मुद्दाम दिलेला असू शकतो. दोन्हींत मोठा फरक आहे, म्हणून ‘अभ्रक आहे’ एवढंच न लिहिता कुठे आहे ते लिहा. फुटलेली कडा नसेल तर ही माहिती सोडून द्या. बघण्यासाठी टवका काढायचा नाही.

आकार आणि काळ

आता त्या दोन वाटांकडे येऊ.

नदीकाठी सापडलेल्या दिव्याचा काळ केवळ आकारावरून सांगता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. चिमटलेल्या काठाची वाटी दीड-दोन हजार वर्षं जवळपास तशीच चालत आली आणि अजूनही चालू आहे. तिचा काळ ठरतो तो तिच्याबरोबर काय सापडलं त्यावरून: नाणी, बांगड्या, मणी, बाकीच्या भांड्यांची घडण आणि लेप, आणि मुख्य म्हणजे जमिनीचा कोणता थर. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथे सातवाहन काळाचा थर वेगळा ओळखता आला तो असाच, सगळ्या वस्तू एकत्र पाहून. त्याच ब्रह्मपुरीवर मिळालेली पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं, जरूर बघा. भूमध्य समुद्राकडच्या वस्तू घाटावर दोन हजार वर्षांपूर्वीच पोहोचत होत्या, हे त्या मूर्तीपुढे उभं राहिल्यावर पटतं. पण एवढ्यावरून आपल्या पेटीतला झाकलेला दिवाही तेव्हाच आला असं मात्र धरायचं नाही. तो शंभर वर्षांपूर्वी बोटीनं आलेला असण्याचीच शक्यता जास्त.

परदेशी दिव्यांचं उलट आहे. तिथे आकार पटापट बदलत गेले आणि त्यांचा अभ्यासही फार बारकाईनं झालेला आहे, त्यामुळे आकारावरून बराच अंदाज बांधता येतो. थोडक्यात क्रम असा. पश्चिम आशियात कांस्ययुगात उघड्या वाट्याच होत्या, इ.स.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या अखेरीस चार कोपरे चिमटलेल्या, पुढे एकच चोच असलेल्या. फिनिशियन आणि कार्थेजच्या लोकांनी काठ इतका दुमडला की दोन चोची तयार झाल्या. ग्रीकांनी इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकात चाकावरचे, काळ्या चकाकीचे दिवे केले, त्यांची चोच वरून बंद आणि अंग बरंचसं उघडं. अंग हळूहळू झाकत गेलं. इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून साच्यातले दिवे सुरू झाले आणि मग उत्पादन प्रचंड वाढलं.

रोमन दिवा हा दानाच्या पेटीत सर्वांत जास्त दिसणारा. त्याचे भाग ओळखून ठेवा: वर मधोमध खोलगट तबकडी, तिच्यात तेल ओतायचं भोक, सभोवती खांदा, पुढे चोच आणि वातीचं भोक, मागे कधी कान. तबकडीवर देवदेवता, प्राणी, झुंजणारे मल्ल अशी चित्रं असतात. पहिल्या शतकातल्या दिव्यांच्या चोचीच्या दोन्ही बाजूंना शंखासारखी वळणं असतात. चोचीचं टोक कोनदार असेल तर ते आधीचे, गोल असेल तर बहुतेक नंतरचे. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तर इटलीत चित्राविना साधे दिवे निघाले, त्यांच्या बुडावर कारखानदाराचं नाव ठळक अक्षरांत उठवलेलं असतं. ‘फॉर्टिस’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. ते इतक्या प्रांतांत नकललं गेलं की बुडावर फॉर्टिस वाचलं म्हणजे दिवा त्याच कारखान्यातला असं म्हणता येत नाही. रोमन काळातल्या इजिप्तमध्ये बेडकाची आकृती असलेले दिवे होते. उत्तर आफ्रिकेत चौथ्या ते सहाव्या शतकात तांबूस लेपाचे, क्रूस आणि ख्रिस्ती चिन्हं असलेले दिवे झाले. पुढे इस्लामी काळात हिरव्या-निळ्या ग्लेझचे (काचेसारख्या चकाकत्या लेपाचे), लांबट चोचीचे दिवे येतात.

परदेशी सूचीत एखाद्या दिव्यापुढे ‘लोश्के चार’ किंवा ‘ब्रोनीर पंचवीस’ असं लिहिलेलं दिसेल. ही अभ्यासकांची नावं आहेत. लोश्के यांनी स्वित्झर्लंडमधल्या विंडोनिसाच्या रोमन छावणीतले दिवे १९१९ साली वर्गवार लावले, ब्रोनीर यांनी १९३० साली ग्रीसमधल्या कॉरिंथचे. पुढचा आकडा म्हणजे त्यांच्या यादीतला प्रकार. तुम्ही स्वतः हा प्रकार ठरवायला जाऊ नका. नीट फोटो आणि मापं असली की जाणकार तो काही मिनिटांत ठरवतात.

चित्राकडे सगळ्यात शेवटी बघायचं, हा माझा आग्रह आहे. चित्र इतकं ओढून घेतं की बूड, शिवण, काजळी पाहायची राहून जाते. आणि बनावट दिव्यांत चित्रच सर्वांत चांगलं केलेलं असतं. पर्यटकांना विकायला केलेले ‘रोमन’ दिवे गेली शंभर-सव्वाशे वर्षं बाजारात आहेत. चोचीवर काजळी सगळीकडे सारखी फासल्यासारखी, माती फक्त खोलगट जागी चिकटवलेली, तळाला टेबलावर घासल्याची झीज अजिबात नाही, असं दिसलं तर नोंदीत ‘शंका’ एवढं लिहून कारणं द्या. दानकर्त्यासमोर त्याची चर्चा करायची नाही.

मापं, चित्र, फोटो

यात फार वेळ घालवत नाही, हे एकदा बघितलं की जमतं. लांबी चोचीच्या टोकापासून कानाच्या मागच्या कडेपर्यंत, रुंदी, उंची, बुडाचा व्यास, दोन्ही भोकांचे व्यास, वजन. तेल किती मावतं हे पाणी ओतून मोजायचं नाही. फोटो पाच: वरून, बाजूनं, चोचीसमोरून, बुडाचा, आणि एक तिरपा. प्रत्येकात सेंटिमीटरची पट्टी आणि क्रमांक. ठसा किंवा अक्षरं असतील तर तिरप्या उजेडात वेगळा फोटो, उजेड दोन वेगवेगळ्या बाजूंनी टाकून.

फोटो असला तरी चित्र काढाच. आलेख कागदावर वरचा देखावा आणि एक छेद (दिवा मधोमध उभा कापला तर दिसेल तसा), मूळ मापात. छेद डावीकडे दाखवायचा की उजवीकडे, हे तुमच्या संग्रहालयातल्या आधीच्या चित्रांप्रमाणे ठेवा. चित्र काढताना डोळ्याला प्रत्येक वळणाचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून फोटोत निसटलेल्या गोष्टी तिथे सापडतात.

रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, कोरड्या अवस्थेत लिहायचा. मन्सेलचा रंगतक्ता (ज्यात प्रत्येक रंगाला ठरलेला क्रमांक असतो) असेल तर उत्तम. नसेल तर ‘विटकरी’, ‘तांबूस पिवळा’, ‘राखाडी’ असे साधे शब्द वापरा आणि संपूर्ण संग्रहाला तेच शब्द ठेवा.

धुवायचा नाही

नव्या माणसाच्या हातून चांगल्या हेतूनं जे नुकसान होतं ते इथेच. काजळी आणि तेलाचा मुरलेला अंश ही घाण नव्हे, पुरावा आहे. खापराच्या छिद्रांत अडकलेल्या स्निग्ध अंशाचं प्रयोगशाळेत पृथक्करण करून ते वनस्पतीचं होतं की प्राण्याच्या चरबीचं हे सांगता येतं. साबणपाणी लागलं की हा पुरावा बिघडू शकतो. मऊ कोरड्या ब्रशनं सैल धूळ झटका, तीही चोचीच्या आत सोडून. आत माती भरलेली असेल तर ती तशीच राहू द्या.

अंगावर पांढरी भुकटी दिसली तर तिकडे लक्ष द्या. जमिनीतले क्षार खापरात शिरलेले असतात. दमट हवेत ते विरघळतात, कोरड्या हवेत पृष्ठभागावर येऊन स्फटिक होतात आणि वरचा थर सोलून काढतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात आणि नंतरच्या कोरड्या थंडीत ही उघडझाप जोरात होते. असा दिवा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि लगेच संग्रहपालांना दाखवा. उपाय संवर्धकानं करायचा आहे.

क्रमांक आणि नोंद

क्रमांक घालण्याचं काम परवानगीशिवाय करायचं नाही. पद्धत माहीत असावी म्हणून सांगतो. बुडाच्या स्वच्छ, गुळगुळीत जागी आधी पॅरालॉइड बी-७२ या राळेचा पातळ थर देतात, तो सुकल्यावर त्यावर शाईनं बारीक क्रमांक लिहितात आणि वर पुन्हा थर देतात. राळ अ‍ॅसिटोननं निघते, म्हणून पुढे बदल करता येतो. नखांचं पॉलिश किंवा चिकटपट्टी वापरू नये. काजळीवर, ठशावर, फुटलेल्या कडेवर क्रमांक घालायचा नाही. तोपर्यंत सुती दोऱ्यानं बांधलेली कागदी चिठ्ठी पुरे, दोरा कानातून ओढून न बांधता दिव्यासोबत पिशवीत ठेवा.

नोंद कशी असावी याचा नमुना देतो. वस्तू कल्पित आहे, लिहिण्याची रीत बघा:

‘मातीचा दिवा, उघडी वाटी, एक चोच. लांबी ८४, रुंदी ७९, उंची २६ मि.मी., वजन ६८ ग्रॅम. चाकावर घडवलेला, बुडाला फिरत्या चाकावर दोरीनं कापल्याच्या कमानी. काठ एका जागी चिमटलेला, दोन्ही अंगांना बोटांचे ठसे. रंग विटकरी, छेदात मधला थर राखाडी. आत तांबडा लेप, बाहेर नाही. काजळी चोचीवर, बाहेरच्या बाजूनं ११ मि.मी. उतरलेली. काठाचा डावीकडचा तुकडा गेलेला, छेदावर काजळी नाही. देणाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे नदीकाठच्या शेतात नांगरताना मिळाला, सोबत काळ्या-तांबड्या खापरांचे तीन तुकडे, तेही जमा. काळ: नोंद केलेला नाही.’

यातलं ‘देणाऱ्यानं सांगितल्याप्रमाणे’ हे महत्त्वाचं. आपण पाहिलेलं आणि आपल्याला सांगितलेलं एकाच वाक्यात मिसळलं की पन्नास वर्षांनी कुणालाच ते वेगळं करता येत नाही. आणि शेवटची ओळ रिकामी न सोडता ‘नोंद केलेला नाही’ असं लिहावं. जागा राहून गेली की मुद्दाम सोडली, हा प्रश्न उरत नाही.

देणाऱ्याशी बोलायला वेळ काढा. शेत कोणत्या बाजूचं, विहीर खणताना की नांगरताना, किती खोल, कोणत्या महिन्यात, अजून काय निघालं होतं. शेतकऱ्याला आपल्या रानाचा बांध न् बांध ठाऊक असतो, आणि विचारलं तर तो आनंदानं सांगतो. ही माहिती दिव्याइतकीच मोलाची आहे. दिवा नंतरही तपासता येईल, पण सांगणारा माणूस नेहमी भेटेलच असं नाही.

तुम्हालाच रानात दिवा दिसला तर

उचलू नका. आधी जागेवरच फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, मग थोडं मागे सरून आजूबाजूची जमीन, झाड, बांध दिसेल असा दुसरा फोटो. फोनवरून ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपा. उकरून ‘अजून काही आहे का’ बघू नका. उकरल्यानं थर विस्कटतात आणि आपल्याकडच्या दिव्याचा काळ थरावरूनच ठरतो, हे वर आलंच आहे. संरक्षित स्मारकाच्या किंवा स्थळाच्या हद्दीत परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे.

जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून जास्त मोलाच्या वस्तू सापडल्या तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, कुठे, कोणत्या तारखेला. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. एका साध्या पणतीसाठी एवढं कशाला असं वाटू शकेल. पण पणतीच्या खाली काय आहे हे आपल्याला वरून दिसत नसतं. अर्ज साध्या कागदावर चालतो. तहसील कार्यालयात दिला तर पोच घ्या, त्याची एक प्रत संग्रहालयात द्या, आणि दोन्ही फोटो अर्जाला जोडा.